मधला मुक्काम

प्रवासाविषयीं आपल्या वाङ्मयांत जें लेखन झालें आहे, त्यांत निघण्याचें वर्णन सांपडतें, पोहोंचल्यानंतरचें वर्णन तर विपुल सांपडतें; परंतु या दोहोंच्या मध्यें जो वेळ जातो, आणि जो पुष्कळदां प्रवासाचा मोठाच भाग असतो, त्याची वास्तपुस्त सहसा कोणी घेत नाहीं. एक गाडी सोडून दुसरीची वाट पाहणें, एका विमानांतून उतरून दुसऱ्यांत बसेपर्यंत परक्या शहरीं सात-आठ तास काढणें, हा प्रकार आज आपल्या मध्यम वर्गांतील कुटुंबांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत अगर युरोपांत असावी, आईबापांनीं वर्षाआड तिकडे जावें, आणि जातांयेतां दुबई, दोहा किंवा इस्तंबूल येथें त्यांचा मुक्काम पडावा, यांत आतां कांहीं नवल उरलें नाहीं. या मधल्या वेळाचें काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां वाटाड्याचा आहे. थोडें खोल गेलें तर तो नीतीचा प्रश्न आहे असें आम्हांस वाटतें, व त्या दृष्टीनेंच त्याचा येथें विचार करावयाचा आहे.

या प्रश्नास व्यवहारांत दोन उत्तरें दिलीं जातात. पहिलें उत्तर सावध माणसाचें. तो म्हणतो, आपण निघालों आहोंत एका गांवीं जाण्यासाठीं. वाटेंतल्या शहराशीं आपला संबंध काय? सामानापाशीं बसावें, डुलकी काढावी, आणि पुढची गाडी चुकूं देऊं नये. दुसरें उत्तर हौशी माणसाचें. त्याच्या मतें तिकिटाचे पैसे मोजलेलेच आहेत. तेव्हां त्याच पैशांत आणखी एक शहर पदरांत पडत असेल, तर तें सोडणें हा शुद्ध मूर्खपणा. तो आधींच यादी करून ठेवतो, सहा तासांत सात स्थळें उरकतो, प्रत्येक ठिकाणीं स्वतःचें छायाचित्र काढतो, आणि वेळ पुरता वसूल झाला म्हणून समाधानानें विमानांत झोंपीं जातो. हीं दोन उत्तरें परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंच्या बुडाशीं समजूत एकच आहे. ती अशी कीं, खरें आयुष्य निघाल्या ठिकाणीं आणि पोहोंचल्या ठिकाणीं असतें, आणि मधला वेळ ही हिशेबांतली एक रक्कम आहे. एकजण ती रक्कम बुडीत धरतो, दुसरा ती व्याजासह वसूल करूं पाहतो. ही समजूतच आम्हांस तपासून पाहण्याजोगी वाटते.

उदाहरणासाठीं इस्तंबूलपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत, नगर-सोलापूर रस्त्यावर, मिरजगांव नांवाचें गांव आहे. मुलूख अवर्षणाचा, शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं, कोर्टकचेरीसाठीं बाहेर पडल्यावांचून येथील माणसास गत्यंतर नसतें. दौंड-मनमाड लोहमार्गावर उत्तरेकडची आगगाडी धरावयाची असो, नाशिकची वाट धरावयाची असो, किंवा २०१७ सालीं सुरू झालेल्या शिर्डीच्या विमानतळावर जावयाचें असो, मिरजगांवकराचा मधला मुक्काम बहुधा नगरास पडतो. एस्. टी.च्या स्थानकावर दोनतीन तास बसणें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. नगर हें त्याच्या लेखीं गाडी बदलण्याचें ठिकाण. आणि ज्या बांकावर तो बसलेला असतो, त्याच्या आसपास, फार तर अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर, दक्षिणेच्या इतिहासाचीं पांच शतकें पसरलेलीं असतात.

हीं पांच शतकें येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु ओळख करून देणें अवश्य आहे. १४९० सालीं मलिक अहमदानें बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्याच भूमीवर पुढें आपली राजधानी वसविली. हुसेन निजामशहाच्या कारकीर्दींत किल्ल्याचा दगडी तट उभा राहिला. १५९५-९६ च्या वेढ्यांत चांदबिबीनें हाच किल्ला मोगलांविरुद्ध लढविला. १६०० सालीं ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली, आणि किल्ला मोगलांच्या हातीं गेला. १८०३ च्या ऑगस्टांत आर्थर वेलस्लीनें तो घेतला. १९४२ पासून राष्ट्रसभेचे पुढारी त्याच किल्ल्यांत बंदिवान होते. किल्ल्यानजीक एक लहानशी दमडी मशीद आहे. किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनीं आपल्या मजुरींतील एकेक दमडी बाजूला टाकून ती उभारली, अशी लोककथा आहे. कथा खरी असो वा नसो, राजांच्या नांवांनीं भरलेल्या शहरांत एक इमारत लोकांनीं मजुरांच्या नांवावर मांडून ठेवली, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे.

आतां पहिला आक्षेप येतो, आणि तो विद्वानांचा आहे. तीन तासांत शहर पाहणें म्हणजे काय? असें पाहणें न पाहण्याहून वाईट; कारण अज्ञानी मनुष्य निदान गप्प बसतो, अर्धवट पाहिलेला मनुष्य बोलूं लागतो. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि त्यास नगरांतच एक उत्तम दाखला मिळतो. शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या रस्त्याला, डोंगरावर एक अष्टकोनी तीन मजली इमारत दुरून दिसते. तिला सर्वजण चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. घाईचा प्रवासी वर जातो, वारा खातो, चांदबिबीच्या पराक्रमानें सद्गदित होतो, आणि एक चुकीचें नांव गांठीस बांधून परततो. विद्वान म्हणतील, पाहा, हेंच आमचें म्हणणें!

परंतु थोडा विचार केला तर असें दिसेल कीं, ही चूक प्रवाशाची नाहीं. तें नांव त्यास शहरानेंच दिलेलें आहे. जन्मभर नगरांत राहिलेला मनुष्यहि त्या इमारतीस चांदबिबीचा महालच म्हणतो. म्हणजे मुक्कामाची लांबी आणि ज्ञानाची खोली यांचें प्रमाण आपण समजतों तितकें सरळ नाहीं. रहिवाशाची नजर संवयीनें बोथट होते. परक्याची नजर घाईनें चुकते. दोघांसहि सत्य मिळवावेंच लागतें. शिवाय त्या चुकीच्या नांवांतहि एक सत्य आहे. वजिराची कबर लोकांनीं राणीला देऊन टाकली, कारण राणी त्यांच्या मनांत राहिली व वजीर राहिला नाहीं. हें ज्याच्या ध्यानांत आलें, त्याचे तीन तास वांयां गेले असें कोण म्हणेल? दोष थोडें पाहण्यांत नसतो. थोडें पाहून सर्व जाणल्याचा आव आणण्यांत असतो.

या बाबतींत आपल्या भाषेनें एक मोठा आदर्श घालून दिला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले, ते कांहीं इतिहास पाहण्यासाठीं नव्हे. घरीं दारिद्र्य होतें, उत्तरेंत मोठा यज्ञ व्हावयाचा असून दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती, एवढाच हेतु. वाटेंत बंडाच्या धामधुमींत सांपडून त्यांचा मुक्काम झांशीस पडला, आणि १८५८ च्या वेढ्यांत ते शहराच्या आंत होते. हा मुक्काम त्यांनीं मागितला नव्हता. पण त्यांनीं डोळे मिटून घेतले नाहींत. जें पाहिलें तें, भिक्षुकाच्या साध्या भाषेंत, पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं लिहून ठेवलें, आणि १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं तें ‘माझा प्रवास’ या नांवानें प्रसिद्ध केलें. आज झांशीच्या वेढ्याविषयीं बोलतांना त्या वाटसरूची साक्ष टाळतां येत नाहीं. तिचें मोल कशांत आहे? आपण कोण, कोठें उभे होतों, काय दिसलें आणि किती भ्यालों, हें त्यांनीं लपविलें नाहीं, यांत आहे. वाटसरूनें वाटसरूच्याच अधिकारानें बोलावें. तेवढा अधिकार त्यास पुरतो. आणि आणखी एक गोष्ट. मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें. परंतु आईबापांसाठीं गंगोदकाची कावड मात्र त्यांनीं घरीं पोहोंचविली. मधल्या मुक्कामांत डोळे उघडे ठेवले म्हणून निघण्याचा हेतु विसरला पाहिजे असें नाहीं.

आतां हौशी माणसाच्या उत्तराकडे वळूं. वेळ वसूल करण्याची ही वृत्ति आम्हांस सावध माणसाच्या झोंपेपेक्षांहि अधिक घातक वाटते. कारण झोंपलेला मनुष्य निदान शहरास फसवीत नाहीं. इस्तंबूलचेंच पाहा. नवा विमानतळ जुन्या शहरापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर आहे. आठ तासांच्या मुक्कामांतून येणेंजाणें, तपासण्या आणि पुढच्या विमानापूर्वींची राखीव वेळ वजा केली, तर हातीं तीनचार तास उरतात. तेवढ्यांत यादी उरकणारा मनुष्य आया सोफियाच्या दारांतून शिरतो व बाहेर पडतो. ५३७ सालीं पूर्ण झालेलें हें ख्रिस्ती मंदिर १४५३ सालीं मशीद झालें, १९३५ सालीं तेथें संग्रहालय उघडलें, आणि २०२० सालीं तें पुन्हां मशीद झालें. विजेत्यानें जिंकलेल्यांच्या देवघराचें काय करावें, हा ज्या प्रश्नानें आपल्या देशांतहि एवढा कलह माजविला, तो तेथें दगडांत उभा आहे. तीनचार तास त्या एका प्रश्नासमोर उभे राहण्यास पुरेसे आहेत. सात स्थळें उरकण्यास मात्र ते फारच थोडे आहेत. आमचा नियम असा आहे, आणि तो आम्ही वाचकांपुढें नम्रपणें ठेवतों: मधल्या मुक्कामांत एकच स्थळ पाहावें, त्यासंबंधीं आधीं चार पानें वाचून ठेवावीं, आणि तेथें उगीच थोडा वेळ बसावें. दमडी मशिदीसमोर अर्धा तास बसलेल्या माणसास नगर जेवढें कळतें, तेवढें दहा वास्तु धांवत पाहणाऱ्यास कळत नाहीं.

येथवर आम्ही मधल्या वेळाविषयीं बोललों तो जणूं आयुष्यापासून निराळा काढलेला कांहीं पदार्थ आहे अशा रीतीनें. आतां त्या मूळ समजुतीकडेच येऊं. मधला मुक्काम कोणता आणि शेवटचा कोणता, हें आधीं सांगतां येतें काय? १६८१ सालीं औरंगझेब अजमेरहून दक्षिणेकडे निघाला. त्याच्या मनांत दक्षिणेचा बंदोबस्त करून परत उत्तरेस जावयाचें असणार. दक्षिण ही त्याची वाटेंतली जागा. पुढचीं पंचवीस वर्षें तो छावण्यांत राहिला, आणि १७०७ च्या मार्चांत नगरजवळ भिंगार येथें मरण पावला. दिल्ली त्यास पुन्हां दिसली नाहीं. मधला मुक्काम म्हणून ज्याची बोळवण करावयाची होती, तेंच त्याचें उरलेलें सारें आयुष्य ठरलें. हें उदाहरण बादशहाचें म्हणून मोठें दिसतें; पण पोरांचीं शिक्षणें होईपर्यंत, कर्ज फिटेपर्यंत, सेवानिवृत्ति येईपर्यंत ‘हा मधला काळ’ असें म्हणत ज्यांचीं वर्षें गेलीं, अशीं माणसें आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहेत.

याच्या अगदीं उलट दुसरें उदाहरण त्याच शहरानें दिलें. ऑगस्ट १९४२ मध्यें पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव इत्यादि पुढारी नगरच्या किल्ल्यांत आणून ठेवले गेले. सुटका केव्हां, याचा पत्ता नाहीं. बाहेर काय चाललें आहे, त्याची बातमी तुटपुंजी. यापेक्षां सक्तीचा मुक्काम तो कोणता? नेहरूंनीं १९४४ सालीं एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या पांच महिन्यांत तेथें ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. ते तेथें बागकामहि करीत, आणि त्या दगडगोट्यांनीं भरलेल्या जमिनींत जुन्या बांधकामाचे अवशेष कुदळीला लागत. ज्या कैद्यास भिंतीबाहेर पाहतां येत नव्हतें, त्यानें पायांखालीं पाहिलें व मागें पाहिलें. मौलाना आझादांनीं त्याच किल्ल्यांत आपल्या एका स्नेह्यास उर्दूंत पत्रें लिहिलीं. तीं तेव्हां धाडतां येण्यासारखीं नव्हतीं, हें ठाऊक असून लिहिलीं. चहाविषयीं, खोलींत येणाऱ्या चिमण्यांविषयीं आणि ईश्वराविषयीं तीं सारख्याच मनोभावें लिहिलेलीं आहेत.

या गोष्टी सांगून वेळाचा सदुपयोग करा असा उपदेश करणें सोपें आहे, आणि आपल्या क्रमिक पुस्तकांनीं तो केलाहि आहे. परंतु त्या कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाहीं. एप्रिल १९४३ मध्यें आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास मरण पावल्या. दुखणें वाढत असल्याचें आझादांस कळत होतें. सुटकेसाठीं सरकारकडे अर्ज करण्यास त्यांनीं नकार दिला, आणि अखेरचें दर्शन घडलें नाहीं. मुक्काम किल्ल्यांत पडलेला असतो, पण बाहेरचें आयुष्य आपल्यासाठीं थांबलेलें नसतें. मधला वेळ हा जगापासून कापून घेतलेला रिकामा तुकडा आहे, त्यांत आपण कोणाचे कांहीं लागत नाहीं, ही कल्पना येथें पार मोडून पडते. ग्रंथ लिहिले गेले म्हणून ती किंमत फिटली असें आम्ही तरी म्हणणार नाहीं. जो मधल्या वेळास आपल्या खऱ्या आयुष्याचा भाग मानतो, त्यास त्या वेळांतील दुःखहि खऱ्या आयुष्याचें म्हणून सोसावें लागतें, एवढेंच आम्हांस यांतून दिसतें.

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. हा सारा विचार, कोणी म्हणेल, पोट भरलेल्यांचा आहे. दसऱ्यानंतर नगर आणि बीड जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें बाहेर पडतात. रस्त्याच्या कडेला भांडींकुंडीं, कोंबड्या आणि तान्हीं मुलें घेऊन तीं ट्रकची वाट पाहत बसतात. त्यांना तुम्ही सांगणार काय, कीं शेजारीं सोळाव्या शतकांतील इमारत आहे, ती पाहून या? वाट पाहणें हें एकास विश्रांति असतें आणि दुसऱ्यास अपमान असतो. ज्याच्या वेळाला किंमत आहे असें जग मानतें, त्याच्यासाठीं विमानतळावर गाद्यांच्या खुर्च्या आणि थंड दालनें असतात. ज्याच्या वेळाला किंमत नाहीं, तो उन्हांत बसतो. परदेशींहि तोच न्याय आहे. इस्तंबूलच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकावयाचें तर भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यास व्हिसा लागतो. शेजारच्या खुर्चीवरचा युरोपियन पुष्कळदां तसाच उठून चालूं लागतो. शहर दोघांपासून सारखेंच दूर असतें, दार मात्र एकासच उघडतें.

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष, कीं म्हणून मुक्कामाचा विचारच चैनीचा, तो मान्य नाहीं. उलट त्यावरून असें ठरतें कीं, मधल्या मुक्कामाचें नीतिशास्त्र हें केवळ पाहुण्यासाठीं नाहीं; तें यजमानासाठींहि आहे. आणि येथें पुन्हां नगरकडेच यावें लागतें. २०२४ सालापासून या शहरास व जिल्ह्यास ज्यांचें नांव आहे, त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यांतील, मिरजगांवच्या शेजारच्या जामखेड तालुक्यांतील चौंडीच्या. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनीं महेश्वराहून राज्य केलें, आणि काशी, गया, सोमनाथ यांसारख्या आपल्या राज्याबाहेरच्या क्षेत्रींहि मंदिरें, घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. मंदिरांची वाखाणणी सर्वजण करतात. आमच्या मनास धर्मशाळा आणि विहीर अधिक भावते. जो मनुष्य आपला प्रजाजन नाहीं, जो उद्यां निघून जाणार, ज्याच्याकडून कर मिळावयाचा नाहीं कीं कृतज्ञतेचा शब्द ऐकूं यावयाचा नाहीं, त्याच्या एका रात्रीची काळजी राज्यकर्त्यानें वाहावी, हा विचार थोर आहे. त्यांत वाटसरूचा मधला वेळ हा त्याच्या आयुष्याचा वेळ म्हणून मानला गेला आहे.

अहिल्याबाईंचें नांव धारण करणाऱ्या शहरानें, व तसें पाहिलें तर महाराष्ट्रांतील प्रत्येक शहरानें, स्वतःस हीच कसोटी लावून पाहावी. स्थानकावर उतरलेल्या खेडुतास पिण्याचें पाणी मिळतें काय? त्याच्या बायकोस स्वच्छ व निर्भय असें शौचकूप मिळतें काय? तिचें मूल उन्हापासून वांचतें काय? शेजारीं कोणती जुनी वास्तु आहे, तेथें जाण्यास किती वेळ लागतो, हें त्यास वाचतां येईल अशा अक्षरांत कोठें लिहिलेलें आहे काय? या चार गोष्टी झाल्या, तर ऊसतोडणीस निघालेल्या कुटुंबांतील एखादें चौदा वर्षांचें पोर दोन तास मोकळें सांपडतांच दमडी मशिदीपर्यंत जाऊन येईल, आणि आपल्यासारख्याच मजुरांनीं हें बांधलें अशी कथा ऐकेल. त्या पोराच्या मनांत काय उमटेल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु तें उमटण्याचा अधिकार आमच्या मुलांइतकाच त्यालाहि आहे, याविषयीं आम्हांस संशय नाहीं.

संतांनीं संसारास वारंवार धर्मशाळेची उपमा दिली. चार दिवसांची वस्ती, मग उठावयाचें. तेव्हां भिंतींत जीव गुंतवूं नये, असा तिचा अर्थ आपण लावतों, आणि बहुतेकदां त्या अर्थाच्या आडोशानें बेफिकीर होतों. आपलें येथें काय आहे, असें म्हणून मनुष्य थुंकतो, भिंतीवर नांव कोरतो आणि चालता होतो. पण धर्मशाळेंत उतरणाऱ्यांची जुनी रीत निराळी होती. मुक्काम हलविण्यापूर्वीं चुलींतील राख काढावी, आपली जागा झाडावी, आणि मागाहून येणाऱ्यासाठीं थोडें सरपण ठेवून जावें. जागा आपली नाहीं, हें ओळखूनच ती झाडावयाची. नगरास तीन तास थांबणाऱ्यास, इस्तंबूलास आठ तास काढणाऱ्यास, किंवा याहून थोड्या लांबच्या मुक्कामास आलेल्या आपणां सर्वांस, यापेक्षां निराळा नियम आम्हांस तरी सुचत नाहीं.